अमेरिकेत फेडरल जज व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीच्या वडिलांना

तुमचा प्रश्न असा: मुलगी न्यू जर्सीतल्या नेवार्कला लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती म्हणते मला फेडरल ट्रायल जज व्हायचंय, तर त्याची परीक्षा कोणती, किती वर्षं लागतात आणि या माणसांचं आयुष्य असतं तरी कसं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लवकर आटोपतील. तिसऱ्याला मी वेळ घेणार आहे, कारण मुलीने आधी स्वतःला विचारायचा प्रश्न तोच आहे.

मी स्वतः जज नाही. १९९८ ते २००० अशी दोन वर्षं मी एका फेडरल ट्रायल जजची लॉ क्लर्क, म्हणजे कायदा शोधून देणारी मदतनीस वकील होते. त्यानंतर वकील न परवडणाऱ्या आरोपींचा बचाव करणाऱ्या फेडरल डिफेंडर ऑफिसात नऊ वर्षं काढली आणि तेव्हापासून स्वतःची वकिली करते, तीही बहुतेक याच कोर्टांत. म्हणजे चेंबरच्या दाराआड दोन वर्षं आणि दाराबाहेर पंचवीस. जे सांगते ते या दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. फेडरल ट्रायल कोर्टाचं, म्हणजे खटला पहिल्यांदा जिथे चालतो त्या केंद्राच्या कोर्टाचं, नाव डिस्ट्रिक्ट कोर्ट, म्हणून आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयाशी त्याची गल्लत होते. अमेरिकेत दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालतात. घटस्फोट, भाडं, बहुतेक खून आणि चोऱ्या हे सगळं राज्यांच्या कोर्टात जातं. फेडरल कोर्टात येतात ते केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे, राज्यघटनेचे प्रश्न, पेटंट, मक्तेदारीविरोधी दावे आणि दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांमधले ७५,००० डॉलरच्या वरचे वाद. देशात अशी ९४ डिस्ट्रिक्ट आहेत आणि जजच्या मंजूर जागा ६७७. आमचं अख्खं न्यू जर्सी मिळून एक डिस्ट्रिक्ट. नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेन अशा तीन ठिकाणी कोर्टं, जागा १७. अधिकाराच्या दृष्टीने तुलना करायचीच तर मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेतल्या न्यायमूर्तींशी करा. पुरावा हे स्वतः ऐकतात, आणि राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाला स्थगितीही हेच देतात.

आता परीक्षा. परीक्षा नाही. आपल्याकडे लोकसेवा आयोगाची जाहिरात येते, मुलं क्लास लावतात, मुलाखत होते, तसलं इथे काहीच नाही. घटनेत वयाची अट नाही, इतकंच काय कायद्याच्या पदवीचीही नाही. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट मंजुरी देतं, एवढंच लिहिलंय. व्यवहारात मात्र हा रस्ता लांब आणि वळणावळणाचा आहे. आधी तुमच्या राज्यात एखादी जागा रिकामी व्हावी लागते. मग राज्याचे दोन सिनेटर, बऱ्याचदा वकिलांची एखादी समिती नेमून, नावं चाळतात. तिथून नाव व्हाइट हाउसकडे जातं. एफबीआय शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत चौकशी करते. सिनेटच्या प्रश्नावलीत तुम्ही लढवलेले महत्त्वाचे खटले, लिहिलेले लेख, केलेली भाषणं, सगळ्याची जंत्री द्यावी लागते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची समिती तुमच्याबद्दल तुमच्याच विरोधात लढलेल्या वकिलांना विचारत आलेली आहे. दोन्ही सिनेटरांनी संमतीचा निळा कागद परत पाठवला तरच ट्रायल जजचं नाव पुढे सरकतं; हा कायदा नव्हे, प्रथा आहे, पण ट्रायल कोर्टासाठी ती अजून पाळली जाते. मग न्यायिक समितीपुढे सुनावणी, समितीचं मतदान आणि शेवटी सभागृहाचं.

यातलं मुलीच्या हातात किती? चांगलं काम करणं आणि ते चांगलं आहे हे लोकांना माहीत असणं, एवढंच. जागा केव्हा रिकामी होईल, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये कोण असेल, सिनेटर कुठल्या पक्षाचे असतील, हे कुणाच्याच हातात नाही. मी पाहिलेल्या काही अतिशय तयारीच्या वकिलांची नावं नुसत्या वेळेच्या फरकाने मागे राहिली. त्यामुळे ‘किती वर्षं’ याचं खरं उत्तर असं की वीस-पंचवीस वर्षं वकिली करून पंचेचाळिशी-पन्नाशीत नेमणूक होणं हे नेहमीचं. त्याच्या आत झाली तर लवकर, आणि कधीच न होणं हे सर्वांत जास्त वेळा घडणारं.

एकदा नेमणूक झाली की ती आयुष्यभराची. ‘सद्वर्तन असेपर्यंत’ असे शब्द घटनेत आहेत. पदावर असेपर्यंत पगार कमी करता येत नाही, हेही त्यातच आहे. काढायचं तर महाभियोग लागतो, आणि आजवर सगळ्या फेडरल न्यायाधीशांत मिळून १५ जणांवर तो चालला, आठ जण पदावरून गेले. त्यातला पहिला न्यू हॅम्पशायरचा ट्रायल जज जॉन पिकरिंग, १८०४ साली. निवृत्तीचं वय नाही. कॅन्ससमध्ये विचिटाला वेस्ली ब्राउन नावाचे जज होते. केनेडींनी त्यांना १९६२ मध्ये नेमलं आणि जानेवारी २०१२ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी ते गेले तेव्हाही पदावर होते. बहुतेक जण मात्र पासष्टीनंतर, १५ वर्षं सेवा झाली असेल तर, ‘सीनियर’ होतात: पगार पूर्ण, काम स्वतः ठरवाल तितकं, आणि रिकाम्या जागेवर नवा जज येतो. हे सीनियर जज नसते तर इथली कोर्टं कोलमडली असती.

पैशाचं थोडक्यात सांगते. २०२५ मध्ये ट्रायल जजचा पगार वर्षाला २,४७,४०० डॉलर. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये नुकतं लॉ स्कूल संपवलेल्या पोरांना २,२५,००० मिळतात. ज्या वयात जज होतात त्या वयाचा भागीदार याच्या कितीतरी पट कमावत असतो. पैशासाठी कुणी इकडे येत नाही.

आता तिसरा प्रश्न.

माझे जज सकाळी साडेसातला यायचे. त्यांच्याकडे आम्ही दोन क्लर्क, एक सहायिका आणि कोर्टरूम सांभाळणारी एक डेप्युटी. टेबलावर त्या दिवशीची यादी असायची: नऊला जामीन, साडेनऊला एक गुन्हा कबूल करणारा आरोपी, दहाला ज्यूरीसमोरचा खटला पुढे चालू, दुपारी दोन युक्तिवाद, साडेचारला शिक्षा. मध्ये कुणाचा तरी तातडीचा मनाईहुकमाचा अर्ज येऊन पडणार हे ठरलेलंच. खटले चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणक वाटून देतो, त्यामुळे सोमवारी हेरॉइन, मंगळवारी औषधाचं पेटंट, बुधवारी तुरुंगातल्या कैद्याने पेन्सिलीने लिहिलेली तक्रार. कशातच तज्ज्ञ नसताना सगळ्यात निर्णय द्यायचा, आणि तोही लगेच. साक्षीदार तोंड उघडतोय, वकील ताडकन उभा राहून ‘हरकत’ म्हणतो, आणि जजकडे दोन सेकंद असतात. त्या दोन सेकंदांत चूक झाली तर तीन आठवड्यांचा खटला अपिलात उलटू शकतो. अपील कोर्टातले तीन न्यायाधीश नंतर त्याच प्रश्नावर महिनोन् महिने विचार करतात.

ज्यूरीबद्दल मराठी वाचकाला कुतूहल असतं. आपल्याकडे नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्यूरीने निर्दोष ठरवलं, सेशन्स जज रतिलाल मेहतांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. इथे तसं करता येत नाही. बारा जणांनी एकमताने ‘निर्दोष’ म्हटलं की संपलं. जजला कितीही वाटो, आरोपी त्या दारातून घरी जातो. म्हणून ट्रायल जजचं अर्धं कौशल्य बारा सामान्य माणसांना कायदा समजेल अशा भाषेत सांगण्यात आहे. माझे जज ज्यूरीला द्यायच्या सूचना आधी मला वाचून दाखवायचे, मग डेप्युटीला, मग रात्रीच्या सफाईला येणाऱ्या पोर्तुगीज बाईंना. बाईंना कळलं नाही तर वाक्य बदलायचे.

पण खटले कमी होतात. फौजदारी प्रकरणांत शंभरातले नव्वदच्या आसपास आरोपी गुन्हा कबूल करतात. त्यामुळे ट्रायल जजच्या आयुष्याचा खरा भार खटला नाही, शिक्षा आहे. त्याबद्दल मी एकच प्रसंग सांगते.

१९९९ चा नोव्हेंबर होता. आरोपी २२ वर्षांचा, क्रॅक कोकेन विकताना पकडलेला, ५० ग्रॅमच्या थोडं वर. १९८६ च्या कायद्याने क्रॅकच्या ५० ग्रॅमला जी किमान शिक्षा ठेवली होती ती साध्या कोकेनच्या पाच किलोला होती: दहा वर्षं. माल तोच, फक्त शिजवलेला. क्रॅकच्या खटल्यांत उभी राहणारी पोरं बहुतांश काळी असायची, हे कोर्टात बसणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल आला होता. शाळा सुटलेली, बाप नाही, शस्त्र नाही, मारहाण नाही. आदल्या रात्री आठपर्यंत जज मला विचारत होते, कुठे फट सापडते का बघ. मी पुस्तकं उलटीपालटी केली. त्या मुलाला लागू पडेल अशी फट नव्हती.

दुसऱ्या दिवशी आरोपी बोलला. शिक्षेआधी त्याला स्वतः बोलू द्यावंच लागतं, नियम आहे. तो तीन वाक्यं बोलला आणि आईकडे वळून ‘सॉरी’ म्हणाला. जज म्हणाले, मला मोकळीक असती तर ही शिक्षा मी दिली नसती, हे मी नोंदीत यावं म्हणून बोलतोय. आणि मग त्यांनी शिक्षा सांगितली. फेडरल कोर्टात शिक्षा महिन्यांत सांगतात. ‘एकशे वीस महिने.’ दुसऱ्या बाकावर आई होती, अंगात कसल्यातरी इस्पितळाचा फिकट निळा गणवेश, कामावरून तशीच आलेली. तिला आकडा कळला नाही. तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली, एका वर्षाला एक बोट, आणि दुसऱ्या हाताची बोटं संपत आली तशी ती थांबली. मी हे पाहिलं आणि मान वर केली तर जजही तेच पाहत होते.

त्या दिवसानंतर, मी असेपर्यंत तरी, त्यांनी एकही शिक्षा नुसती महिन्यांत सांगितली नाही. महिने सांगायचे, कारण नोंदीत तसं लागतं, आणि लगेच पुढे ‘म्हणजे इतकी वर्षं, आणि फेडरल तुरुंगात पॅरोल नसतो, सूट धरूनही बहुतेक सगळी भोगावी लागेल’ असं कुटुंबाकडे बघून सांगायचे.

हे तेव्हाचं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या बुकर निकालाने शिक्षेचा तक्ता बंधनकारक राहिला नाही. हा तक्ता म्हणजे गुन्ह्याच्या ४३ पायऱ्या आणि पूर्वेतिहासाचे सहा रकाने, एकूण २५८ चौकटी. आता जजने तो बघायचा, पण शिक्षा द्यायची ती ‘पुरेशी, पण गरजेपेक्षा जास्त नाही’ अशी. २०१० मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, क्रॅक आणि कोकेनमधलं शंभरास एक हे प्रमाण अठरास एक केलं. किमान शिक्षेचे कायदे मात्र अजून आहेत, आणि जजच्या हाताला ते अजून बांधतात. मोकळीक मिळाल्यावर काम सोपं झालं असं समजू नका. आधी चौकटीला दोष देता यायचा. आता आकडा जजचा स्वतःचा असतो.

म्हणून मी मुलींना सांगते की अपील कोर्ट आणि ट्रायल कोर्ट ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. वरच्या कोर्टात कागद येतो, इथे माणूस येतो. आजच्या सुप्रीम कोर्टात नऊपैकी फक्त दोघींनी ट्रायल जज म्हणून काम केलंय, सोनिया सोटोमायोर आणि केटांजी ब्राउन जॅक्सन. जॅक्सन त्याआधी आमच्यासारख्याच फेडरल डिफेंडर होत्या. शिक्षेच्या प्रकरणांत त्यांचं लिखाण वाचताना मला ते जाणवतं.

समोर आलेला माणूस जजला किती बदलू शकतो याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचं आहे. जे. वेटीस वेअरिंग हे तिथल्या जुन्या, प्रतिष्ठित गोऱ्या घराण्यातले जज. फेब्रुवारी १९४६ मध्ये आयझॅक वुडर्ड नावाचा काळा सार्जंट युद्धावरून सुटून गणवेशातच बसने घरी निघाला होता. वाटेत पोलिसप्रमुखाने त्याला इतकं मारलं की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. त्या पोलिसप्रमुखावरचा खटला वेअरिंग यांच्याच कोर्टात चालला. सगळ्या गोऱ्यांच्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आसपास त्याला सोडून दिलं. वेअरिंग काही करू शकत नव्हते. मघाशी म्हटलं तसं, निर्दोष म्हणजे निर्दोष. पण ते घरी गेले ते वेगळे होऊन. पाच वर्षांनी शाळांमधल्या वर्णभेदाचा ब्रिग्ज खटला तीन न्यायाधीशांपुढे आला. दोघांनी वर्णभेद टिकवला, वेअरिंग यांनी भिन्नमत लिहिलं की वेगळं ठेवणं हीच असमानता आहे. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्ट शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्यात जिथे पोहोचलं, तिथे हा एक ट्रायल जज १९५१ मध्ये एकटा उभा होता. शहराने त्यांना वाळीत टाकलं. ते निवृत्त होऊन न्यूयॉर्कला गेले. चार्ल्सटनच्या त्याच कोर्टाच्या इमारतीला आज त्यांचं नाव आहे. अलाबामात मॉन्टगोमेरीला फ्रँक जॉन्सन यांचंही तेच झालं. बसमधला वर्णभेद रद्द करणाऱ्यांत ते होते, १९६५ मध्ये काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्च्याला परवानगी त्यांनीच दिली, आणि १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब पडला. आजन्म नेमणूक कशासाठी, असं कुणी विचारलं की मी या दोघांची नावं सांगते.

एकटेपणाचं मात्र आधीच सांगायला हवं, कारण बाहेरून तो दिसत नाही. नेमणुकीच्या दिवशी दोनशे मित्र येतात, सहा महिन्यांत फोन थांबतात. कालचे सहकारी आज समोर उभे राहणारे वकील असतात, त्यांच्याबरोबर जेवायला जायचं तर दहा वेळा विचार करावा लागतो. राजकारणावर बोलायचं नाही, निवडणुकीला देणगी द्यायची नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर मराठी जजला गणेशोत्सवात आरतीला जाता येईल, पण मंडळाची वर्गणी मागत फिरता येणार नाही. स्वतः निधी गोळा करायला आचारसंहितेने मनाई आहे. एखाद्या कंपनीचा एक शेअर जरी नावावर असला तरी त्या कंपनीचा खटला ऐकता येत नाही. दरवर्षी मालमत्तेचं विवरण जाहीर करावं लागतं. आणि निर्णयाबद्दल वर्तमानपत्रात काहीही छापून येवो, उत्तर द्यायचं नाही. जे म्हणायचं ते निकालपत्रात म्हणून झालेलं असतं.

निकालपत्रावरून आठवलं. १९९० च्या एका कायद्याने दरवर्षी ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला यादी निघते: कोणत्या जजकडे कोणता अर्ज सहा महिन्यांहून जास्त पडून आहे. शिक्षा काही नाही, फक्त नाव छापलं जातं. पण आयुष्यभरासाठी नेमलेल्या, कुणालाही उत्तर न देणाऱ्या माणसांना या यादीची जी धास्ती असते ती पाहण्यासारखी आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मजल्यावर रात्री अकरापर्यंत दिवे असायचे. भारतातल्या तारखांनी पिचलेल्या पक्षकारांना मी हे नेहमी सांगते, कारण यात पैसा लागत नाही, फक्त नाव जाहीर करायची तयारी लागते.

ज्या कामात ज्यूरी नसते तिथे लिहिणं हेच काम. गूगलविरुद्धचा सर्च मक्तेदारीचा खटला अमित मेहतांनी एकट्याने ऐकला. २०२३ मध्ये दहा आठवडे साक्षी झाल्या, ५ ऑगस्ट २०२४ ला पावणेतीनशेहून जास्त पानांचा निकाल आला. मेहता गुजरातमधल्या पाटणला जन्मलेले, लहानपणीच इकडे आलेले, आणि जज होण्याआधी वॉशिंग्टनमध्ये गरिबांचे बचाव वकील. त्यांच्या आधी २००८ च्या सुमारास केंटकीत अमूल थापर ट्रायल जज झाले, दक्षिण आशियाई वंशाचे पहिले आजन्म नियुक्तीचे फेडरल जज. तुमच्या मुलीला आडनावाची अडचण वाटत असेल तर ती आता उरलेली नाही.

भीतीबद्दलही तुम्हाला बाप म्हणून कळायला हवं. १९ जुलै २०२० ला आमच्याच न्यू जर्सीतल्या जज एस्थर सालास यांच्या दारात एक माणूस पार्सलवाल्याच्या वेषात आला. तो वकील होता, त्याचा एक दावा त्यांच्यासमोर होता. दार उघडायला गेलेला त्यांचा एकुलता मुलगा डॅनियल, २० वर्षांचा, गोळीने गेला. पती गंभीर जखमी झाले. त्या आठवड्यात कोर्टाच्या लिफ्टमध्ये कुणी बोलत नव्हतं. सालास परत कामावर आल्या. जजच्या घरचा पत्ता आणि खासगी माहिती इंटरनेटवरून हटवण्याचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला, त्याला डॅनियलचं नाव आहे. आणि २०२५ मध्ये अनेक जजच्या घरी न मागवलेले पिझ्झा जायला लागले, ‘तुम्ही कुठे राहता ते आम्हाला माहीत आहे’ हे सांगायला; त्यांतल्या काहींवर मागवणाऱ्याचं नाव डॅनियलचं टाकलेलं होतं. हे मी लिहिताना माझे हात थरथरतात. मुलीने या कामात यावं असं मला मनापासून वाटतं, पण हे लपवून नाही.

आता आनंदाचं. कुठल्याही ट्रायल जजला विचारा, वर्षातला सर्वांत आवडता दिवस कोणता, तर बहुतेक जण नागरिकत्वाच्या शपथेचा सांगतील. त्या एकाच दिवशी कोर्टरूममध्ये कुणी हरत नाही. माझ्या आईने शपथ घेतली तेव्हा ती नारायणपेठी नेसून आली होती, हातात छोटा झेंडा, आणि जज खाली उतरून एकेकाशी हात मिळवत होते. तिचं नाव उच्चारायचा त्यांनी आधी सराव केला होता. यादीवर पेन्सिलीने ‘सु-लो-च-ना’ असं तोडून लिहिलेलं मी पाहिलं.

त्याच दिवशी मला सखाराम गणेश पंडित आठवत होते. लॉस एंजेलिसचे हे वकील १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना ओरेगनच्या फेडरल ट्रायल जजने १९२० मध्ये नागरिकत्व दिलं होतं. सरकार वर गेलं आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. पंडित त्या खटल्यात थिंद यांच्या वकिलांपैकी होते. त्यानंतर सरकारने भारतीयांची आधी दिलेली नागरिकत्वं रद्द करायला सुरुवात केली, पंडितांचंही. ते फेडरल ट्रायल कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, या नागरिकत्वावर विसंबून मी वकील झालो, जमीन घेतली, लग्न केलं. आता काढून घेतलंत तर माझं काहीच उरत नाही. ट्रायल कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२६ मध्ये अपील कोर्टाने तो कायम ठेवला, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला, आणि सरकारने इतरांवरचे तसले दावे सोडून दिले. वरच्या कोर्टाचा निकाल विरोधात असताना खालच्या कोर्टाने समोरच्या माणसाचं आयुष्य ऐकून घेतलं, त्याचा हा परिणाम.

तर मुलीने काय करावं? पदासाठी आयुष्य आखू नये, कामासाठी आखावं. लॉ स्कूल संपल्यावर एक-दोन वर्षं ट्रायल जजची क्लर्कशिप मिळवायचा जीव तोडून प्रयत्न करावा. अपील कोर्टाची जास्त मानाची मानतात, पण तिला ट्रायल जज व्हायचंय. त्यानंतर सरकारी वकिलांच्या किंवा डिफेंडरच्या ऑफिसात जावं, जिथे तिशीच्या आत उलटतपासणी करायला मिळते. मोठ्या फर्ममध्ये दहा वर्षं काढूनही ज्यूरीसमोर उभे न राहिलेले वकील मला माहीत आहेत. विरोधी वकिलाशी कधी खोटं बोलू नये, कारण वीस वर्षांनी समितीचा फोन त्यालाच जाणार आहे. व्हिसावर असेल तर नागरिकत्वाचा विचार आधी करावा; घटनेत तशी अट लिहिलेली नाही, पण परक्या देशाच्या नागरिकाला कुणी नेमत नाही.

आणि मॅजिस्ट्रेट जज या पदाची माहिती तिला असू द्या. हे पद राष्ट्राध्यक्ष देत नाहीत. डिस्ट्रिक्टचेच जज, वकील आणि नागरिकांच्या समितीच्या शिफारशीवरून, आठ वर्षांसाठी नेमतात आणि पुन्हा नेमू शकतात. पाच वर्षांची वकिली ही किमान अट. जामीन, वॉरंट, तडजोडी, आणि दोन्ही बाजू तयार असतील तर पूर्ण दिवाणी खटलाही ते चालवतात. यात राजकारण फारच कमी आणि माणूस समोर तेवढाच. मला स्वतःला कधी अर्ज करावासा वाटला तो याच पदासाठी.

हे सगळं तिला वाचून दाखवण्याआधी एक करा. नेवार्कचं फेडरल कोर्ट तिच्या कॉलेजपासून फार लांब नाही. शिक्षेच्या सुनावण्या सर्वांना खुल्या असतात, परवानगी लागत नाही, कोण आहेस असं कुणी विचारत नाही. कोणत्या खोलीत काय आहे ते त्या दिवसाच्या यादीत असतं. तिला म्हणावं, एक सकाळ रिकामी ठेव, फोन बंद कर, मागच्या बाकावर बस, आणि आरोपीकडे नको, त्याच्या घरच्यांकडे आणि जजकडे बघ. मग रात्री तुम्हाला फोन करून काय वाटलं ते सांगायला सांगा.